शेवटचा स्वर विरेपर्यंत: डूम मेटल अल्बमच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

डूम मेटलच्या, म्हणजे अतिशय संथ आणि खर्जातल्या जड संगीताच्या, अल्बमचा आराखडा ठरला. चार गाणी, प्रत्येक १८ मिनिटांच्या आसपास, दोन एलपी तबकड्यांच्या चार बाजू. ३३⅓ वेगाच्या एलपीची एक बाजू २२ मिनिटांपर्यंत ताणता येते, पण जितकी ताणावी तितकी आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही उतरवावे लागतात. आमचं सगळं खर्जावरच उभं आहे, म्हणून लांबीला लगाम. आम्ही चौघं: माझ्याकडे गिटार, रेकॉर्डिंग आणि मिक्स, एक जण बेसवर, एक ड्रमवर, आणि गायिका, जी ऑर्गनही वाजवणार.

आवाज चिरडून टाकणारा हवा यावर सगळ्यांचं एकमत. तो चिरडतो कशामुळे, यावर मात्र संध्याकाळ गेली. बेसवाला म्हणतो, ट्यूनिंग खाली नेलं की झालं. ड्रमर म्हणतो, लय. मला दोन्ही अपुरं वाटतं. खाली ट्यून केलेल्या, संथ वाजवलेल्या आणि तरीही कंटाळा आणणाऱ्या रेकॉर्ड्स ढिगाने आहेत. माझ्या मते या संगीताचं वजन कॉर्ड वाजून गेल्यावर ती विरत जाते त्या काळात साठतं. कान पुढच्या आघाताची वाट बघतो, तो लवकर येत नाही, आणि तोवर मागचा स्वर आपल्या समोर खंगत जातो. तिथे ऐकणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. हा काळ जपायचा. क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका), गेट (हळू आवाज बंद करणारं यंत्र), लिमिटर (मोठा आवाज दाबणारं यंत्र), घाई, जे जे त्याला कात्री लावेल ते बाहेर ठेवायचं. बेसवाल्याला पूर्ण पटलेलं नाही, पण करून बघायला तो तयार आहे.

१५ जानेवारी

गिटार ए ट्यूनिंगवर आणली, म्हणजे सगळ्या तारा नेहमीपेक्षा सात सेमीटोन (अर्धे स्वर) खाली. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवरून ५५ वर आली. तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे स्वर दोन तृतीयांशावर आला की ताण ४४ टक्केच उरतो. ४६ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारेवर एरवी ८ किलोच्या आसपास ताण असतो, तो साडेतीन किलोवर उतरला. तार हाताखाली लोंबायला लागली. अशी सैल तार मारली की स्वर आधी वर चढतो आणि मग रेंगाळत आपल्या जागी येऊन बसतो. वेगवान संगीतात हे खपून जातं, कारण बसायच्या आत पुढचा स्वर आलेला असतो. इथे एक कॉर्ड आठ सेकंद एकटी उभी राहणार, तिचं घसरणं लपणार नाही.

म्हणून ६८ गेजची तार. नटची (तार वर जिथे टेकते ती पट्टी) खाच कानशीने रुंद केली, सॅडल (तारेचा खालचा आधार) मागे घेतली, नेकचा (गिटारच्या दांडीचा) बाक पुन्हा साधला. उरला प्रश्न ट्यूनरच्या सुईकडे कुठल्या क्षणी बघायचं हा. ठरलं असं: गाण्यात जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारायचं, दोन सेकंद जाऊ द्यायची, मग सुई बघायची. आघाताच्या क्षणी स्वर किंचित चढा असला तरी चालेल, बसल्यावर बरोबर हवा. उलट केलं तर कॉर्ड विरायला लागल्यापासून शेवटपर्यंत बेसूर राहते.

२१ जानेवारी

तालीम न करता सगळ्यांनी मिळून ऐकलं. सुरुवात ब्लॅक सॅबथ या बँडपासून, १९७० ची पहिली रेकॉर्ड. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायचीच बोटं. आधी हलक्या तारा आणि मग १९७१ च्या रेकॉर्डवर तीन सेमीटोन खाली आणलेलं ट्यूनिंग, या दोन्हींनी त्या बोटांवरचा भार कमी झाला. एवढा सगळा अंधारी खर्ज एका जखमी हाताच्या सोयीतून निघाला, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

मग १९९० ची न्यूयॉर्कच्या विंटर या बँडची रेकॉर्ड, मग फिनलंडचे बँड: थर्गोथॉन १९९४, स्केप्टिसिझम १९९५. थर्गोथॉनचं रेकॉर्डिंग आजच्या मानाने पातळ आहे, पण गिटार आणि आवाज यांच्यामध्ये जी पोकळी सोडली आहे ती आजच्या कितीतरी महागड्या रेकॉर्डिंगांत सापडत नाही. स्केप्टिसिझमकडे ऑर्गन आहे, आणि त्यावर आमच्या गायिकेने पानभर टिपणं काढली.

शेवटी बेल विच या बँडचं २०१७ चं ८३ मिनिटांचं एकच गाणं. सीडीची ८० मिनिटंही त्याला पुरत नाहीत. बँडमध्ये दोघंच, बेस आणि ड्रम, गिटार नाहीच. त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ मध्ये वारला, त्याचा मागे उरलेला आवाज या गाण्यात येतो. ते संपल्यावर आमचा बेसवाला म्हणाला, "मला गिटारच्या मागे मागे चालायचं नाहीये." बरोबर आहे त्याचं. दुसऱ्या आणि चौथ्या गाण्यातला बेस नव्याने लिहायला घेतला.

३० जानेवारी

खोलीचं मोजमाप. लांबी ६.२ मीटर. आवाजाचा वेग ३४३ मीटर धरला तर ५५ हर्ट्झच्या लहरीची लांबी ६.२४ मीटर, म्हणजे आमचा मूळ स्वर आणि ही खोली एकमेकांत बरोबर बसतात. हे चांगलंही आहे आणि धोक्याचंही. टोन जनरेटरवर ५५ लावून एका भिंतीपासून दुसरीपर्यंत हळूहळू चालत गेलो. भिंतीला टेकून उभं राहिलं की आवाज दाट. दीड मीटर पुढे आल्यावर तो जवळजवळ नाहीसा, मशीन बंद पडलं की काय असं वाटावं इतका. खोलीच्या मध्यावर पुन्हा छातीवर दाब. आणखी दीड मीटरवर परत गायब.

लांबून आवाज घेणारा माइक या गायब जागेवर ठेवला असता तर सबंध अल्बमचा पायाच निघून गेला असता. मध्यावर ठेवला तर फक्त ए फुगणार आणि बाकीचे स्वर त्याच्यासमोर किरकोळ वाटणार. शिवाय खोलीच्या आवडीचा स्वर जास्त वेळ घुमत राहतो, शेजारचा, अर्धा स्वर वरचा बी फ्लॅट मात्र लवकर मरतो. विरण्याचा वेग खोलीने ठरवावा हे मला नको आहे. कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड, खर्ज शोषणारे बास ट्रॅप लावले, माइक मध्याच्या जरा अलीकडे घेतला. आता ए आणि बी फ्लॅट जवळपास बरोबरीने विरतात.

५ फेब्रुवारी

पहिल्या गाण्याची लय ३० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ३० मात्रा. दोन सेकंदांची एक मात्रा, चार मात्रांचा, आठ सेकंदांचा एक बार. लाकडी चावीचा मेट्रोनोम ४० च्या खाली जातच नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेस यांनी लयीच्या आकलनावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मते दोन आघातांमधलं अंतर १.८ सेकंदांच्या आसपास पोहोचलं की मन त्यांना एका लयीत गुंफणं सोडून देतं, प्रत्येक आघात सुटा, स्वतंत्र घटना म्हणून ऐकू येतो. आमची मात्रा या उंबरठ्याच्या पलीकडे आहे. मान डोलवायला काही सापडत नाही. ऐकणाऱ्याचं हे निराधार होणं मला हवंच आहे. वाजवणारा मात्र निराधार झाला तर गाणं कोसळतं.

ड्रमरला आधी दोन सेकंदांची क्लिक दिली. "काढ ती. मी वाजवत नाहीये, तिची वाट बघत बसलोय." मग अर्ध्या सेकंदाची दिली. आघात अचूक पडायला लागले, आणि ऐकताना ते अचूकपणच टोचायला लागलं: प्रत्येक क्रॅश (झांजेवरचा आघात) शिक्का मारल्यासारखा. विलंबितात मात्रेच्या आतला भरणा मनात चालू ठेवावा लागतो. हा गडी तो भरणा हाताने करतो, हे आज नीट बघितल्यावर कळलं. आघात झाला की पहिल्या सेकंदात हात खांद्याच्या वर जातो, कोपर बाहेर उघडतं, मनगट सैल पडतं. दुसऱ्या सेकंदात तोच हात त्याच वाटेने खाली येतो. मध्ये कुठेही थांबत नाही. थांबला की पुढचा आघात अंदाजाने पडतो आणि ते लगेच कळतं. त्याच्यासाठी वेळ म्हणजे हाताने कापायचं अंतर आहे.

क्लिक काढली. तो आणि मी समोरासमोर बसून वाजवणार, मी त्याच्या कोपराकडे बघणार. बारची लांबी कमीजास्त होऊ दे.

१३ फेब्रुवारी

ड्रम रेकॉर्ड होताहेत. २६ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), आत उशी नाही, पुढची कातडी अखंड. सुरुवातीला तिचा मूळ स्वर ५५ च्या इतका जवळ होता की गिटारबरोबर वाजली की दोन्हींचा लगदा व्हायचा, म्हणून आणखी सैल केली. स्नेअर (तळाला जाळी असलेला ड्रम) खोल, तिची खणखण राहू दिली. एरवी लोक टेप लावून ती मारतात.

झांजांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. क्रॅश मारल्यावर सुरुवातीचा फुत्कार ओसरतो आणि खाली एक लांब, गढूळ घुमार उरतो. पातळ झांजेत तो लवकर संपतो, फार जाड घेतली तर घंटेसारखी वाजते. मधली २२ इंची ठेवली, आणि ड्रमरला सांगितलं की किनारीवर तिरका वार कर आणि काठी लगेच बाजूला घे. तिचा घुमार गिटारच्या आधी संपतो. हे मला फार आवडलं: आधी झांज जाते, मग स्नेअरच्या जाळीची थरथर, आणि शेवटी गिटार एकटी राहते. प्रत्येक बारमध्ये हीच ओळ.

१४ फेब्रुवारी

काम नाही. दिवसभर मोठ्या आवाजात बसलं की उंच स्वर बोथट ऐकू येतात आणि हात आपोआप ट्रेबलकडे जातो. कानांना सुट्टी.

२२ फेब्रुवारी

हम. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे ए ट्यूनिंगवर जास्त गेनने (ॲम्पमधल्या वाढवणीने) वाजवणाऱ्या कुणालाही हे भेटणारच. ॲम्पमधून विजेची गुणगुण येते: ५०, १००, १५०. आमची तार: ५५, ११०, १६५. कॉर्ड जोरात असते तोवर गुणगुण तिच्याखाली दडून जाते. पाचव्या-सहाव्या सेकंदाला कॉर्ड तिच्या पातळीपर्यंत उतरते आणि मग दोन्ही एकमेकांवर घासायला लागतात. ५० आणि ५५, सेकंदाला पाच ठोके. १०० आणि ११०, सेकंदाला दहा. नेमका जो काळ जपायचा त्याच काळात कॉर्डला थंडी वाजल्यासारखी कापरी भरते. बी फ्लॅटला ठोके वाढतात, तार आणखी खाली जी वर उतरवली तर ४९ आणि ५०, सेकंदाला एकच, संथ लाट.

सोपा उपाय नॉइज गेट. पातळी ठरावीक रेषेखाली गेली की तो दार लावतो, म्हणजे स्वर मरायच्या आधी आपणच त्याचा गळा दाबायचा. या अल्बमात गेट नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं आहे. मग एकेक करून मूळ शोधत गेलो. सगळी यंत्रं एकाच प्लगच्या पट्टीवर घेतली, अर्थिंगची वाट एकच ठेवली. पेडलचा पॉवर सप्लाय ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेला. माझ्या गिटारवर हंबकर पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारे भाग) आहेत. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी ही रचना केली: एकमेकांविरुद्ध गुंडाळलेल्या दोन कॉइल, दोन्हींत शिरलेला हम परस्पर कापला जातो, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. तरीही थोडा उरला, तो दिशेचा. खुर्चीत बसून गिटार घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत गेलो तर एका कोनात हम जवळपास बुजतो. जमिनीवर चिकटपट्टीने खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या. इथून पुढे गिटारचा प्रत्येक टेक याच जागेवरून, ॲम्पकडे पाठ अर्धवट वळवून.

आता कॉर्ड पंधराव्या सेकंदापर्यंत स्वच्छ जाते. तिथे पोहोचल्यावर जे ऐकू आलं त्यासाठी ही सगळी खटपट सार्थकी लागली: तारा एकमेकींपासून वेगवेगळ्या वेगाने मरतात, आधी वरची जाते, मग पाचवा स्वर (पंचम), आणि ए शेवटपर्यंत तग धरतो.

४ मार्च

गेनचा निर्णय. सगळ्यांना वाटतं जितकं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) जास्त तितकं जड. खूप गेन दिला की ॲम्प आवाज दाबून सपाट करतो. कॉर्ड दहा सेकंद एकाच पातळीवर भिंतीसारखी उभी राहते आणि मग एकदम खाली पडते. विरणं दिसतच नाही. गेन बराच खाली आणला. आता आघात होतो तेव्हा आवाज फाटलेला असतो, चौथ्या सेकंदाला त्याची धार जाते, आठव्यापर्यंत तो जवळजवळ साधा, उघडा होतो. एकाच कॉर्डमध्ये तीन रंग.

दुसरी गोष्ट कॉर्डच्या बांधणीची. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्यातल्या फरकाचाही स्वर तयार होतो. ५५ आणि त्याचा पाचवा ८२.५ घेतले तर फरक २७.५, म्हणजे ए चाच खालचा सप्तक. दोन तारा वाजवून तिसरा, कुणीच न वाजवलेला खर्ज फुकट मिळतो. पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि पाचवा एवढीच कॉर्ड, जड वाटते त्यात याचा मोठा वाटा आहे. पण इतक्या खाली कोमल गंधार घातला, ५५ बरोबर ६६, तर फरक ११ हर्ट्झ. तो स्वर म्हणून कळत नाही, घरघर म्हणून कळतो. आणि दुःखाचा सगळा रंग तर त्या गंधारातच आहे. म्हणून गंधार वर नेला, २६४ हर्ट्झच्या आसपास, आणि स्वतंत्र ॲम्पमधून स्वतंत्र ट्रॅकवर वाजवला. एका ॲम्पमध्ये न मिसळल्यामुळे दोघं एकमेकांना गढूळ करत नाहीत. खाली रिकामी कॉर्ड, वर लांबवर एकच स्वर. गायिका ऐकून म्हणाली, "हे असंच राहू दे, याच्यावर मी काही गाणार नाही."

११ मार्च

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी फीडबॅक हवा होता. कॅबिनेटसमोर उभं राहून तार सोडली की स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि स्वर मरायच्या ऐवजी आपल्याच एखाद्या हार्मोनिकवर (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरावर) चढतो. अर्धं पाऊल पुढेमागे झालं की हार्मोनिक बदलतो. सप्तक मिळालं ते गोड वाटलं, सोडून दिलं. पाचवा मिळाला तो ठेवला. एकाच गाण्यात, एकदाच. विरणाऱ्या इतक्या कॉर्डनंतर न मरणारा एक स्वर भीतिदायक वाटतो, दोनदा आला तर सवयीचा होईल.

१९ मार्च

बेस. खालचा ए २७.५ हर्ट्झ. माणसाचा कान २० पर्यंत ऐकतो असं म्हणतात खरं, पण बहुतेक स्पीकर तिथे पोहोचतच नाहीत. सुदैवाने कान वरच्या हार्मोनिकांवरून, ५५, ८२.५, ११० वरून, हरवलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून बेसचे दोन रस्ते केले: खालचा भाग स्वच्छ, वरचा भाग फझमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून). फझमुळे हार्मोनिक दाट होतात आणि लहान स्पीकरवरही खोली जाणवते.

गिटारची १२ इंची कॅबिनेटं ८० हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळपटतात. म्हणजे ज्या ५५ ला आम्ही गिटारचा स्वर म्हणतो, त्याचं शरीर प्रत्यक्षात बेसकडून येतं. बेसवाल्याला हे दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या गाण्यात तो आता गिटारच्या अर्धी मात्रा नंतर येतो: आधी गिटारची पोकळ कॉर्ड, आणि सेकंदाने तिच्याखाली जमीन. नुसत्या आघातापेक्षा हे कितीतरी जास्त दडपतं. सूचना त्याची.

२ एप्रिल

गायन. तिचा खालचा गुरगुराट खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या मांसल घड्यांतून येतो. त्या घड्या एरवी बोलताना बाजूला असतात, इथे त्या जवळ येऊन कापतात. जोर गळ्यातून लावला तर इजा होते, तो पोटातूनच हवा. कळ आली की त्या दिवशीचं काम बंद, हा नियम तिने स्वतः घातला आहे.

एक अक्षर सहा सेकंद धरायचं म्हणजे शब्द निवडतानाच श्वास मोजावा लागतो. तिने ओळी निम्म्या केल्या. 'इ' वर गुरगुराट चिमटतो, 'ओ' आणि 'आ' वर तो उघडतो, म्हणून दीर्घ अक्षरं त्यांच्यावर आणली. मला तिच्या ओळींचे शेवट सगळ्यात मोलाचे वाटतात. हवा संपत येते, कंप विस्कटतो, स्वर जातो आणि नुसता उच्छ्वास उरतो, आणि पाठोपाठ आत ओढलेला श्वास. मिक्स करताना हे श्वास कापायची पद्धत आहे. इथे एकही कापणार नाही.

९ एप्रिल

ऑर्गन फक्त चौथ्या गाण्यात. कारण सरळ आहे: ऑर्गनचा स्वर विरत नाही, बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. गिटारच्या शेजारी तो धरला की गिटार किती खचली हे मोजायला एक स्थिर रेघ मिळते. चारही गाण्यांत असता तर ही रेघ पुसट झाली असती.

२४ एप्रिल

मिक्स सुरू. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज हळू केला की खालचे स्वर कानाला वरच्यांपेक्षा फार लवकर कमी वाटतात. उलट बघितलं तर मोठ्या आवाजात कुठलंही मिक्स जड वाटतं, त्यामुळे तिथे स्वतःची फसवणूक सोपी. म्हणून बोलण्याच्या पातळीवर मिक्स करतोय. त्या पातळीवर कॉर्ड संपेपर्यंत कान तिच्यामागे जातो का, एवढंच तपासायचं. पहिल्या गाण्यात जात होता. दुसऱ्यात मध्येच सुटत होता, कारण झांजेचा घुमार गिटारवर पसरत होता. घुमाराची पातळी दीड डेसिबल खाली घेतली, गिटार सापडली.

६ मे

रिव्हर्ब. मागाहून लावायचा रिव्हर्ब (खोलीच्या घुमण्याचा कृत्रिम परिणाम) सात सेकंदांच्या आसपासच्या शेपटीचा, पण खूप खाली, आणि टेकमधून काढलेल्या बारच्या खऱ्या लांबीला जुळवलेला. ड्रमरचे बार साडेसात ते साडेआठ सेकंदांच्या दरम्यान फिरतात, गाण्याच्या शेवटाकडे लांबत जातात. एकच ठरावीक रिव्हर्ब लावला असता तर कुठे तो आधी संपला असता, कुठे पुढच्या कॉर्डवर सांडला असता.

एका ठिकाणी मात्र मुद्दाम सांडू दिला. पहिल्या गाण्याच्या मुख्य रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीत) ए वरून बी फ्लॅटवर जातो, फक्त अर्धा स्वर वर. ए ची शेपटी बी फ्लॅटच्या खाली जिवंत राहिली की ५५ आणि ५८.३ एकमेकांत सेकंदाला तीनदा धडधडतात. ही धडधड कुणी वाजवलेली नाही. दीड सेकंदात ए मरतो, धडधड थांबते, आणि बी फ्लॅट एकटाच स्थिर उभा राहतो. सबंध अल्बममधली माझी सर्वांत आवडती जागा. ऐकताना अजून अंगावर काटा येतो.

१७ मे

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. लिमिटर आघातांची टोकं दाबतो आणि मग हळूहळू हात सोडतो. तो हात सोडताना विरणारी कॉर्ड पुन्हा वर उचलली जाते. मरणारा स्वर मध्येच फुगतो. त्यामुळे लिमिटर जवळपास झोपलेला ठेवला. रेकॉर्ड इतरांपेक्षा हळू वाजेल ही बेसवाल्याची काळजी होती, पण अनेक स्ट्रीमिंग सेवा पातळी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आसपास समान करतातच. ठासून भरण्यातून काही हाती लागत नाही. ज्याला मोठा हवा तो नॉब फिरवेल.

१६ बिटच्या फाइलसाठी डिदर (मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक खरखराट) लावला. त्याशिवाय कॉर्डची अगदी शेवटची शेपटी तळाच्या एकदोन बिटांत येऊन खरखरते आणि तुटते. हेडफोनवर दोन्ही तपासलं, फरक स्पष्ट आहे.

४ जून

एलपीची चाचणी प्रत आली. खालचे स्वर मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये सारखे) केले होते, सुई कुठेही उडत नाही. रेकॉर्डच्या मध्याकडे जावं तसा सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो आणि उंच स्वर मळतात. आमची गाणी शेवटाकडे गडद आणि खालीच जातात, त्यामुळे हा तोटा आम्हाला लागू पडला नाही. पहिली आणि तिसरी बाजू तर डिजिटल फाइलपेक्षा सरस वाटतात. चौथ्या बाजूवर ऑर्गनच्या पायपट्टीचा स्वर थोडा जास्त आहे, तिथे गिटारची शेवटची कॉर्ड त्याच्याखाली दहाव्या सेकंदालाच हरवते. ऑर्गन एक डेसिबल खाली घेऊन त्या बाजूची फाइल पुन्हा पाठवली. बाकी तीन बाजू मंजूर.